यंदा ताम्हन माझ्या हातात

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. पाण्याकाठचे खडे ताम्हनात घेऊन घरी आणायचे आणि आणणारीने ते पाटावर बसेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. मानपाड्याच्या घरी विहीर होती. बाळकुमला आल्यापासून सोसायटीच्या बागेतला नळ हीच आमची नदी. खडे सासूबाई आणत आणि मी पुढे चालत सूचना देई, "आई, पायरी. आई, लिफ्ट आली." त्या मुक्या, म्हणून उलट उत्तर नाही.

यंदा पावसाळ्याआधी त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं आणि वॉकर आला. लेक नोकरीसाठी बंगळुरूला. मी नेहमीप्रमाणे कामांची वाटणी केली: खडे मी आणणार, आईंनी वर खुर्चीत बसायचं.

"म्हणजे मी आता नुसतं बघायचं?"

"पडलात म्हणजे?"

"गौर यायची आणि मी घरात पाहुणीसारखी बसायचं, हे मला नाही गं जमायचं."

मी वाटणी बदलली. त्यांचे दोन्ही हात वॉकरला लागणार, तेव्हा ठरलं ते असं: ताम्हन माझ्याकडे, आई मागून.

नळाशी खडे धुतले, तेरडा ठेवला. आईंनी फर्मान काढलं, "आता तोंड बंद. इतक्या वर्षांनी माझी पाळी आलीय."

आणि सुरूच झाल्या. "हळू चाल, बस नाही पकडायचीय." "पदर बघ." लिफ्टमध्ये शेजारणीने मला विचारलं, "काय हो, लेक आली का?"

"ती नाही बोलायची," आई म्हणाल्या. "आज सगळं मला विचारा."

मागून वॉकरची टकटक येत होती. बोलायचं नव्हतं म्हणून मला ती नीट ऐकू आली. उन्हाळ्यात पलंगावरून उठताना रडणाऱ्या आई आता मला झापत चालत होत्या. जेवढं संकट टळलं, तेवढीच देवाची कृपा असं मी आजवर धरत आले. यंदा टळलं तर काहीच नव्हतं. हाड मोडलं होतं, लेक लांब होती. तरी गौर घरी येत होती आणि आम्हा दोघींना काम होतं. मनातल्या मनात देवाला हात जोडले, ताम्हन न हलवता.

दारात नवरा तांब्या घेऊन उभा, एरवी हे लेकीचं काम. "गौर कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या!" मागून आई.

त्याने माझ्या पायांवर दूध-पाणी घातलं.

"अरे, आणि इकडे?" आईंनी वॉकर पुढे सरकवला.

तो गडबडला. मग वाकून त्याने आईंच्या पायांवर पाणी घातलं आणि वॉकरच्या चारही रबरी टोकांवरसुद्धा. प्रत्येकाला कुंकवाचं बोट लावलं. फरशी ओली झाली. मी ओरडणार होते, तोंड उघडलंही.

"खडे अजून पाटावर बसले नाहीत," आई म्हणाल्या.

मी तोंड मिटलं आणि पायानेच पायपुसणं वॉकरखाली सरकवलं. त्यावरून आई आत आल्या.