पायडलवरचा पास

मास्तरांनी जन्मभर लोकांच्या शर्टांना बटणं लावली आणि साठीला टेकल्यावर एका बटणाने त्यांना पार जेरीस आणलं. ते बटण कुठल्या शर्टाचं नव्हतं. व्हिडिओ गेमच्या रिमोटवर, बरोबर उजव्या अंगठ्याखाली ते बसलं होतं. ते दाबलं की टीव्हीतला फुटबॉलवाला आपल्या गड्याला पास द्यायचा. म्हणजे पूर्वी द्यायचा. आता तो काय करायचा, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. घराची पुढची खोली हेच दुकान. एका अंगाला कापायचं टेबल, मधोमध मोटर बसवलेलं शिलाई मशीन, भिंतीला तयार कपड्यांची दांडी आणि तिच्या वरच्या बाजूला गिऱ्हाइकांचा वेळ जावा म्हणून टांगलेला टीव्ही. पोरगी एकुलती एक. एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यामुळे घरात तिचं नाव भिंगरी पडलं ते पडलंच. पुढे भिंगरीला नोकरी लागली आणि ती दुसऱ्या शहरात राहायला गेली. तेव्हापासून बापलेकीचं फोनवरचं बोलणं म्हणजे, "जेवलीस का?" "जेवले. तुम्ही?" "आम्हीपण." मग दोघंही गप्प, आणि फोन मास्तरीणबाईंच्या हातात.

शेवटी भिंगरीनेच शक्कल लढवली. एका सुट्टीत आली, टीव्हीला गेमचं मशीन जोडलं, बापाच्या कानांवर माइकवाला हेडफोन चढवला आणि म्हणाली, "रविवारी दुपारी दुकान बंद असतं ना? तेव्हा खेळायचं. तुम्ही इथून, मी तिथून, दोघं एकाच टीममध्ये."

मास्तरांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण खेळता खेळता पोरगी बोलायला लागली. "डावीकडे बघा बाबा... आमची नवी साहेबीण फार डोकं खाते हो... मारा, मारा!" जे फोनवर महिनोन्महिने निघालं नसतं, ते चेंडूच्या मागे धावताना आपोआप निघायचं. घरमालकाशी झालेली तणतण, पाठीचं दुखणं, ऑफिसातून रडत बाहेर पडलेला दिवस, सगळं. मास्तर "हं, हं" करत ऐकायचे आणि बटण दाबायचे. त्यांचा अख्खा आठवडा त्या दुपारवर तगून होता.

आणि मग त्या गेमवाल्यांना अवदसा आठवली. त्यांनी पास बदलला. पूर्वी बटण दाबलं की चेंडू आज्ञाधारक लेकरासारखा जवळच्या गड्याकडे जायचा. आता बटण जितका वेळ दाबून धराल तितका तो लांब जाणार, आणि रिमोटवरची कांडी वळवाल त्याच दिशेला जाणार. तिथे माणूस असो की नसो, चेंडूला सोयरसुतक नाही.

मास्तरांनी पहिला पास दिला तो थेट समोरच्या टीमला. दुसरा रेफरीच्या पोटात. तिसरा प्रेक्षकांत. चौथा मात्र अचूक गेला, पण आपल्याच गोलात. आपल्याच गोलकीपरने मास्तरांकडे असं काही पाहिलं की त्यांनी त्याची टीव्हीसमोर हात जोडून माफी मागितली.

"बाबा, आता माणसाला पास द्यायचा नाही," भिंगरी समजावत होती. "जागेला द्यायचा. तुम्ही मोकळ्या जागेत टाका, मी तिथे पोचते."

"आणि नाही पोचलीस तर?"

"पोचते हो. तुम्ही किती जोरात टाकणार ते मला आधी कळलं पाहिजे, एवढंच."

"अगं, ते मलाच कळत नाही!"

पलीकडे भिंगरीने खेळ थांबवला. मग चाचरत म्हणाली, "बाबा, ऑफिसात या गेमची स्पर्धा आहे. दोघादोघांची. जोडीदार बाहेरचा, घरचा, कुणीही चालतो. मी तुमचंच नाव देणार होते. पण आमच्याकडे एक चष्मेवाला आहे, त्याला हा नवा पास छान जमतो. त्याला घेतलं तर... सराव रविवारीच करावा लागेल. दुपारी."

"घे की मग," मास्तर म्हणाले. "माझं काय, इथे कपड्यांचा ढीग पडलाय."

एवढं बोलले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. रविवार गेला, की पुन्हा "जेवलीस का?" वर येणार होतं सगळं. त्यांनी घसा खाकरला. "पण नाव पुढच्या रविवारनंतर दे. एकदा माझा पास बघ. नाहीच जमला तर तुझा तो चष्मेवाला आहेच."

"चालेल," भिंगरी म्हणाली, आणि तिच्या आवाजात जरा हायसं वाटल्यासारखं काहीतरी होतं. निदान मास्तरांनी तरी तसंच धरून चालायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. गिऱ्हाइकाची पाठ वळली की रिमोट हातात. अंगठा एकतर नुसता टेकायचा नाहीतर चिकटूनच बसायचा, मधलं त्याला काही माहीतच नव्हतं. मास्तरीणबाई आतून कणीक तिंबत ओरडल्या, "अहो, पाय काय आपटताय एवढे? फरशी फुटेल!"

मास्तरांनी खाली पाहिलं. खरंच की. अंगठ्याने बटण दाबलं की खाली उजवा पाय आपणहून दाबला जात होता. आणि गंमत म्हणजे पायाला बरोबर अंदाज होता. असणारच! जन्मभर हाताने फक्त कापड धरलं होतं. कुठे दामटायचं आणि कुठे दबकत जायचं, ते पायडलवरचा पायच ठरवत आला होता.

मास्तरांनी स्टूल मशीनपाशी ओढलं, टीव्हीकडे तोंड केलं, मशीनची पिन भिंतीतून काढून ठेवली आणि मुक्या पायडलवर पाय ठेवून खेळायला बसले. आता पायाने माप घ्यायचं आणि अंगठ्याने मुकाट त्याचं ऐकायचं. जवळचा गडी असला तर काजाइतका पास. जरा पलीकडे असला तर बाहीइतका. आणि पार मैदानाच्या टोकाला टाकायचा तर पँटीच्या बाजूच्या शिवणीइतका, पाय तळाला टेकेपर्यंत. चेंडू हवा तिथे पडायला लागला. दुपारी दातांचे डॉक्टर पँटीची चौकशी करायला आले तेव्हा मास्तर त्यांना म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही आत्ता माझ्यापासून बाहीभर अंतरावर आहात."

"माझी पँट माझ्यापासून किती अंतरावर आहे ते सांगा," डॉक्टर म्हणाले. "सोमवारी सकाळी मला ती घालून जायचंय. शब्द द्या."

मास्तरांनी शब्द दिला. टेलरचा शब्द तो, त्यामुळे रविवार दुपारपर्यंत पँट मशीनवरच होती. एक पाय शिवून झाला होता, दुसरा सुईखाली होता, आणि तेवढ्यात टीव्हीवर भिंगरीचा बोलावा आला. मास्तरांनी घाईघाईत कानांवर हेडफोन चढवला, रिमोट उचलला आणि पाय पायडलवरच ठेवून स्टूल टीव्हीकडे फिरवलं. या गडबडीत पिन काढायची राहून गेली.

खेळ सुरू झाला आणि काय सांगावं! बाहीइतका पास टाकला, भिंगरीचा गडी तिथे हजर. शिवणीइतका टाकला, चेंडू पडायच्या आत ती पोचलेली. बापाने टाकावं आणि लेकीने झेलावं. मास्तरांना स्वतःचाच इतका अभिमान वाटला की त्यांनी खुर्चीवर बसल्यासारखं मागे रेलून पाहिलं आणि स्टुलावरून पडता पडता वाचले. कानांत प्रेक्षकांचा गलका होता. दर पासाबरोबर शेजारी मशीन घरघरतंय आणि डॉक्टरांची पँट इंच इंच गिळतंय, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

पत्ता लागला तो मास्तरीणबाईंना. त्या बाहेर आल्या आणि किंचाळल्या. मास्तरांनी हातानेच "थांब" केलं. मग मास्तरीणबाईंनी सरळ भिंतीवरचं मशीनचं बटण बंद केलं.

पुढचा पास वाया गेला. त्याच्या पुढचाही. मास्तरांचं माप तेच होतं, पण भिंगरी एकदा उशिरा पोचली, एकदा भलतीकडेच धावली. समोरच्यांनी गोल ठोकला.

"बाबा!" भिंगरी हेडफोनमध्ये ओरडली. "मशीन का बंद केलंत?"

"मशीन? कुठलं मशीन?" मास्तरांनी मान वळवली. सुईखाली पँटीचा गोळा झाला होता आणि बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. "अरेच्चा... चालू राहिलं वाटतं. तुला त्रास झाला का गं आवाजाचा?"

"त्रास कसला! त्याच्यावर तर पळत होते मी! मला वाटलं, तुम्ही मुद्दाम लावलंय. बाबा, त्या मशीनखाली बसून मी अख्खी शाळा केली. सरळ शिवण चाललीये की कॉलरचा कोपरा आलाय, ते मला न बघता कळतं. नुसतं घर्र केलंत तर चेंडू जवळ, लांबवलंत तर लांब. लावा ना परत!"

मास्तरांच्या डोळ्यांसमोरचं मैदान धूसर झालं. पोरगी मशीनखाली वह्या पसरून बसायची तेव्हा त्यांना वाटायचं, हिला आवाजाने अभ्यास सुचत नसेल. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिला काही ऐकू गेलं नव्हतं, पण नवऱ्याचं तोंड तिला वाचता येत होतं. तिने पँटीकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि मशीनचं बटण पुन्हा चालू केलं.

"होऊ दे पँटीचं काय व्हायचं ते," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी पँट हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. दोन्ही पाय गुडघ्यापासून खाली एकमेकांना पक्के शिवले होते, वर मागचा खिसाही त्यांना येऊन मिळाला होता.

"मास्तर, यात पाय कुठून घालायचे?"

"दोन्ही एकदम घाला," मास्तरीणबाई आतून म्हणाल्या, "आणि उड्या मारत जा."

"मी तुमच्या दाढा अशा एकमेकींना शिवल्या तर चालेल का?" डॉक्टर कडाडले. मास्तरांनी कान पकडले, त्यांना पंख्याखाली बसवलं आणि एकेक टाका उसवायला घेतला. पण उसवताना ते गालातल्या गालात हसत होते, आणि ते डॉक्टरांच्या फारच जिव्हारी लागलं. आदल्या संध्याकाळीच भिंगरीने स्पर्धेला नाव दिलं होतं. चष्मेवाल्याचं नाही.

स्पर्धेच्या दिवशी मास्तरीणबाईंनी स्वतः सुईखाली एक जुनी चिंधी लावून दिली. पहिलाच सामना साहेबिणीच्या जोडीशी पडला. मास्तरांनी दोनचार पास टाकले असतील नसतील, तोच हेडफोनमध्ये साहेबिणीचा वैतागलेला आवाज आला. "कसली घरघर आहे ही? कुणाचा पंखा खराब झालाय का? बंद करा पाहू आधी."

मास्तरांनी दचकून पायडलवरचा पाय उचलला. लोकांच्या साहेबिणीसमोर पोरीची शोभा झाली, असं वाटून त्यांचे कान तापले. ते पिनेकडे हात नेणार, इतक्यात भिंगरी बोलली. सगळ्यांना ऐकू जाईल असं, मोठ्याने.

"पंखा नाहीये तो, मॅडम. माझे बाबा पास देतायत."

मास्तरांनी पाय पुन्हा पायडलवर ठेवला आणि पार तळाला टेकेपर्यंत दाबला. मशीन घरघरत राहिलं. चेंडू उंच उडाला आणि मैदानाच्या टोकाला, अगदी मोकळ्या जागेत जाऊन पडला. भिंगरी तिथे आधीच पोचली होती.