तीन मणांचा धोंडा

"पागोटं काढ," मापारी म्हणाला.

मी काढलं.

"आंगरखाबी काढ. धोतरबी. कपड्याचं वजन धरता येत नाही."

काढलं. अमरावतीच्या कापूस-बाजारात, चांगली उन्हं वर आलेली, शे-दीडशे माणसं भोवती, आणि मी लंगोटीवर. निंबाच्या फांदीला मोठा काटा टांगलेला. त्याच्या एका फळीवर मला बसवलं. दुसरीवर शेजारच्या आडतीतून मागून आणलेले धोंडे. काटा डुलला, हलला, थांबला.

"बराबर तीन मण!" मापारी ओरडला. "ना छटाक इकडे, ना छटाक तिकडे!"

शेठ गादीवरून उठून आला. माझ्याभोवती एक फेरी मारली, बैल घेताना मारतात तशी. मग म्हणाला, "याच्यावर लिव बे. धोंड्यावर लिवतो तसं."

मापाऱ्यानं गेरूत बोट बुडवलं आणि माझ्या पोटावर तीनचा आकडा काढला. गेरू थंड होता. पोट थरथरलं. लोक हसले. समोर बंडीवर कास्तकारांच्या बाया होत्या, त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. जाड्या माणसाला ही सवय लहानपणीच लागते. दुसऱ्यानं हसायच्या आत आपण हसून घ्यायचं, म्हणजे कमी लागतं. कमी लागत नाही. पण असं वाटतं.

झालं होतं एवढंच, की शेठचा तीन मणांचा मोठा धोंडा त्या सकाळी साखळीतून निसटला आणि दुभंगला. बंड्यांची रांग तर पार वेशीपर्यंत. सातासमुद्रापार कुठं लढाई लागली होती म्हणे, तिकडचा कापूस बंद झाला होता, आणि साहेब लोक आमच्या वऱ्हाडातलं बोंड न् बोंड मागत होते. कास्तकार बैलांच्या शिंगांना चांदी चढवून बाजारात येत. नवा धोंडा घडवायला वेळ कोणाला? मी त्याच शेठच्या कापसाच्या गंजींवर राखणदार होतो. तोही बसून राखणारा. शेठची नजर माझ्यावर गेली.

नवा धोंडा मग आलाच नाही. तिसऱ्या हंगामापर्यंत मीच धोंडा होतो.

खोटं कशाला सांगू, मला ते आवडत होतं. शेठच्या घरून जेवण यायचं. पुऱ्या, शिरा, तुपाची धार अशी की बोटांवरून कोपरापर्यंत. "खा बावा, खा," शेठ म्हणायचा. "तू आमचा माल हायेस." घरी आम्ही अंबाडीची भाजी न् भाकर खाणारी माणसं. मला वाटलं, या माणसाचा माझ्यावर जीव आहे. कास्तकारही खूश. धोंड्यावर कोण भरवसा ठेवतो? पण मी त्यांच्यातला. कुणब्याचा पोरगा, दर्यापूरकडचा, अर्ध्या बाजाराचा सोयरा. पारड्यात आपला माणूस बसलाय म्हटल्यावर लोक काट्याकडं बघायचेच नाहीत. माझ्याकडं बघून हसायचे.

माझी बहीण भागी त्याच भरवशावर आली. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. दोन लेकरं, दहा-बारा एकर काळी जमीन, आणि ती सगळी एकटीनं वाहिलेली. दिरांनी सांगितलं होतं, कापूस अकोल्याला ने. तिनं ऐकलं नाही. "मी तं दादाच्याच काट्यावर घालीन," म्हणाली.

ती या बाजूला उभी, मी पारड्यात लंगोटीवर, पोटावर तीनचा आकडा. ती हसली नाही. एवढ्या लोकांत ती एकटी हसली नाही. आपला पदर नीट करत दुसरीकडं बघत राहिली. मापारी पलीकडच्या पारड्यात कापूस कोंबत होता. माझं पारडं उचलेना. आणखी कोंबला. आणखी.

सगळा माल तोलून झाला तेव्हा रिकाम्या बंडीकडं बघत ती म्हणाली, "औंदा कमी भरला वाट्टे, दादा. घरी तं जास्त वाटला होता."

"वाळला असन," मी म्हणालो.

"हाव. वाळलाच असन," ती म्हणाली. "तू बसला होता म्हणून जिवाले शांती हाये. दुसऱ्या कोणाच्या काट्यावर मले झोप नसती लागली."

आता गुळाची गोष्ट. आमच्या घरी लग्न असो की बारसं, पोरं मला ही गोष्ट सांगायला लावतात आणि लोळून लोळून हसतात. मीही गूळ संपला की थांबतो. पुढचं कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

मला मागं मोठा ताप आला होता, तेव्हा बायकोनं गावच्या देवीला नवस बोलला होता. हे उठून बसले तर यांच्या भारंभार गूळ वाटीन. हंगाम संपल्यावर तिनं गूळतुला ठरवली. गूळ आणला बरोबर तीन मण. माझं वजन विचारायची गरजच नव्हती, ते साऱ्या तालुक्याला पाठ होतं. देवळासमोर काटा टांगला. एका पारड्यात मी, दुसऱ्यात ढेपा. तीन मण चढवले. मी जागचा हललो नाही. वाण्यानं आपले धोंडे आणून गूळ पुन्हा तोलला. तीन मण भरला.

"अवो, हे काय करून राहिले तुमी!" बायको ओरडली. "श्वास तरी सोडा!"

मी श्वास सोडला. पारडं तिथंच. लोक हसून गडबडा लोळले. मग घराघरांतून गूळ गोळा झाला. कोणी अर्धी ढेप, कोणी वाटीभर. माझी माय म्हणाली, "देवी लबाड नाही, माहा लेक लबाड हाये." शेवटची भेली भागीनं टाकली. लेकरांसाठी घेतली होती तिनं, पदरातून काढून टाकली. "घ्या. माह्या दादाले कमी पडू नोका देऊ."

त्या भेलीनं पारडं उचललं. अर्धा मण जास्त गेला होता. मी लोकांबरोबर हसत होतो, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच पारडं आलं. कापसाचं. आणखी कोंबला. आणखी.

पोरं इथंच हसतात.

तीन मणांच्या धोंड्याला कोणी तूप पाजत नाही. मला पाजलं. दोन हंगाम. पोटावर आकडा मात्र तोच राहिला, रोज सकाळी नवा गेरू. शेठनं मला पाळलं होतं, आणि दर तोलाला अर्धा मण कापूस मी खाली बसून खेचत होतो. सोयऱ्यांचा. भागीचा. मला काहीच करावं लागत नव्हतं. नुसतं बसायचं आणि जेवायचं.

मी ठरवलं, उतरायचं. तीन मणांवर यायचं, म्हणजे काटा आपोआप खरा होईल. भोळाच होतो. तोंड उघडून बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून तोंड बंद ठेवायचं ठरवलं. नवा हंगाम लागला तसं शेठला सांगितलं, देवीनं एकभुक्त राहायला लावलंय, एक वेळ कोरडी भाकर, तूप वर्ज्य. देवाच्या कामात शेठ काय बोलणार? कपाळाला आठी घातली, पण हात जोडले. देवीच्या नावावर खोटं बोललो. तिनं चालवून घेतलं.

पहिले पंधरा दिवस डोळ्यांपुढं काजवे. डोकं असं दुखायचं की कोणी आतून सरकी काढतंय. मग शरीर एकेक गोष्टी दाखवू लागलं, ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या. थंडी. आयुष्यात पहिल्यांदा मला थंडी वाजली. मी समजत होतो लोक उगाच शेकोटीचे लाड करतात. फळीवर बसलं की हाडं टोचायची. मला हाडं आहेत हे तोवर ऐकीवच होतं. एका सकाळी विहिरीवर पाणी ओतताना खाली बघितलं तर पायाची बोटं. माझीच. वाकडी, म्हाताऱ्या माणसाची. गुडघे दुखायचे थांबले. पण पोटाची कातडी रिकाम्या पोत्यासारखी लोंबली, आणि तिच्यावर मापारी तीन काढायला लागला की आकडा दुमडायचा. दंडातलं चांदीचं कडं आंघोळीत निसटून नाल्यात गेलं. दुपारी झोपलो की बायको हलवून उठवायची. घोरणं बंद झालं होतं. तिला वाटायचं, गेला.

आणि माणसं! मला वाटलं होतं, लोक हसायचे थांबतील. थांबले. पण हसण्याबरोबर दुसरंही बरंच थांबलं. पूर्वी कुठल्याही पंगतीत मला हाक असायची, "या, तुमच्याबिगर मजा नाही." आता मी दिसलो की मंडळी सरकून जागा द्यायची आणि गप्प व्हायची. ज्या सालात अख्खं वऱ्हाड अंगानं भरत होतं त्या सालात मी उतरत होतो, म्हणजे घर बुडालं असणार, नाहीतर क्षय. शेजारीण ताईत घेऊन आली. पोरीची सोयरीक जवळजवळ ठरली होती. पाहुणे आले, माझ्याकडं बघितलं, चुलीवर जेवण तयार असताना पाणीसुद्धा न पिता उठले. "मुलीच्या बापाची तब्बेत..." एवढंच म्हणाले. बायको त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. तिला कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

एक गोष्ट मात्र मी कधीच विसरणार नाही. मी जाड होतो तेव्हा शेठ आणि मापारी माझ्यासमोर काहीही बोलायचे. गंजीसमोर बोलावं तसं. मी उतरलो आणि ते आवाज खाली आणू लागले. मला कान उगवले असं त्यांना वाटलं असावं. कान आधीपासून होतेच. मीच कधी ऐकलं नव्हतं.

माझं उतरणं शेठला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. त्याला वजनाचा डोळा. तरी त्यानं मला काढलं नाही, कारण एक गंमत झाली. कास्तकारांनी बघितलं, धोंडा वाळला आणि आकडा तीनच आहे. म्हणजे फायदा आपला. ते शेजारच्या आडती सोडून आमच्याकडं लोटले. "चला बे, वाळक्या धोंड्याकडे!" रांग दुप्पट झाली.

मग एका सकाळी शेठनं मला गोदामात बोलावलं. त्याच्या हातात लोखंडी साखळी होती, जाड कड्यांची. खाली आणखी दोन पडलेल्या.

"कमरेले गुंडाळ," तो म्हणाला. "वरून धोतर नेस. थंडी वाजते ना तुले आताशा?"

मी उभाच राहिलो.

"पाह्य, बावा," तो मऊ आवाजात म्हणाला, "माणूस असतो तं तुले मी इचारलं असतं. तू धोंडा हायेस. धोंड्याले कोणी इचारते काय?"

गुंडाळल्या. हे सांगताना जीभ अडते, पण सांगतो. मी त्या गुंडाळल्या. आठ दिवस मी त्या साखळ्या नेसून पारड्यात बसलो. कमरेची कातडी सोलून निघाली. लोक म्हणायचे, "शेठ दयाळू हाये, धोंड्याले धोतर देलं."

नवव्या दिवशी भागी आली.

बंडी लागली. ती काट्यासमोर उभी राहिली. माझ्याकडं बघून तिचे डोळे भरले. "दादा, काहून रे इतका वाळला? जेवत नाहीस?" मग मापाऱ्याला म्हणाली, "माह्या दादाच्या अंगात आता तीन मण कुठं हाये? आकडा कमी लिवा. मले कोणाचं जास्त नको."

आपल्याला कमी वजनाचा फायदा होतोय असं समजून ती तो नाकारत होती.

मी पारड्यात उभा राहिलो. काटा डगमगला. मापारी ओरडला, "बस बे, बस!" मी धोतर सोडलं. पहिली साखळी फळीवर पडली. मग दुसरी. मग तिसरी. तिघींचा आवाज वेगवेगळा होता.

"हे शेठचं वजन," मी म्हणालो. "माहं नाही."

मग उतरलो. ओल्या हातानं पोटावरचा गेरू पुसला. पाठीवर शेठच्या माणसांची पहिली काठी तेव्हाच बसली. मोजल्या नाहीत.

गर्दीतलं कोणी पुढं आलं नाही. कोणी जय म्हटलं नाही. अर्ध्या घटकेत बंड्या वळल्या आणि दुसऱ्या शेठच्या काट्यावर जाऊन लागल्या. तिथले धोंडे किती मणांचे, ते कोणी विचारलं नाही. भागी तेवढी थांबली होती. मी जमिनीवर पडलेलो. तिनं खाली वाकून विचारलं, "मागच्या साली, दादा?"

"मागच्या सालीबी," मी म्हणालो. "तवा साखळी नव्हती. मीच होतो."

ती उठून सरळ झाली. मग बैल जुंपून निघून गेली. त्या दिवाळीला ती भाऊबीजेला आली नाही. पुढच्याही नाही. पोरांनो, तुमची आत्या आपल्या घरी का येत नाही, हे तुम्ही विचारता. हे असं आहे.

आता लढाई संपली म्हणतात. भाव पडला. शिंगांची चांदी उतरली. काटे तेच आहेत.

मी पाथरवटाकडून एक मणाचा धोंडा घडवून घेतला आहे. देवळासमोर, वाण्याच्या धोंड्यांशी, साऱ्या गावादेखत ताडून. दर बाजाराला तो खांद्यावर घेऊन मी अमरावतीला जातो, काट्यापाशी उभा राहतो आणि म्हणतो, आधी तुमचा मण माझ्या मणाशी तोला. दोनदा हाकलला गेलो. एकदा धोंडा विहिरीत टाकला त्यांनी. मी उतरून काढला. लोक पुन्हा हसतात: बघा, धोंडा धोंडा घेऊन आला. मी आता हसत नाही.

परवा बाजार आहे. भागीच्या गावच्या बंड्या येणार आहेत. त्यांतली एक तिची असेल. ती माझ्याशी बोलणार नाही. न बोलू दे. माझा धोंडा चढल्याशिवाय तिच्या कापसाचं एक बोंडही मी पारड्यात पडू देणार नाही.