मामांच्या माटोळीतलं भेंडीचं पान

देवानं सृष्टी निर्माण केली ती आपल्याला तिचे गट पाडता यावेत म्हणून, याबद्दल गोव्यातल्या नार्व्याच्या आमच्या मामांना तिळमात्र शंका नाही. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले तरी हजेरी घेणं सुटलं नाही. आता ती झाडापेडांची, किडामुंगीची आणि पाहुण्यांची घेतात. येऊन ठाण मांडणारा पाहुणा परजीवी. मी अमिबा, कारण समोरच्याचं मत बघून आकार बदलतो. एकदा मामींनी ताटात अळमी, म्हणजे रानातली अळंबी, वाढली तेव्हा मामांनी जाहीर केलं, "ही भाजी न्हय. ही बुरशी. नात्यान झाडापरस ती आमका लागींची." झाडापेक्षा आपल्या जवळची म्हणजे सामिषच, असं मामींनी धरलं आणि त्या सोमवारपासून उपासाच्या दिवशी अळमी शिजायची बंद झाली. मामांचा ती जीव की प्राण! तरी खोड जाईना. पाववाला पदेर सायकलवरून उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन आला तेव्हा यीस्टही बुरशीच, हे त्यांनी त्याला दारात उभं करून पटवलं, आणि सोमवारचा उंडोही गेला. पुढे एकदा दह्याची वाटी उचलून ते तोंड उघडणार, तोच मामी म्हणाल्या, "दह्यात कितें आसा तें सांगू नाकात. उगी जेवा." जिवाणूंचा धडा तेवढा राहून गेला.

चवथीला तर मामांना उधाण येतं. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, फुलं, वेली बांधतात, ती माटोळी. इतर घरांत ती शोभेसाठी बांधतात, मामा वर्गवारीनं बांधतात: आधी नेचे, मग बाकीचं रान. त्यांची लेक लहानपणापासून स्टुलावर उभी राहून दोऱ्या ओढायची. नववीत असताना तिनं परसातलं भेंडीचं एक रोगट, पिवळ्या शिरांचं पान आणून मधोमध बांधलं. म्हणाली, "ह्यात विषाणू आहे. त्यालाही जागा द्या." मामांनी पान सोडलं. "विषाणूक स्वतःचा घर ना, स्वतःचा जेवण ना. दुसऱ्याच्या पेशीत शिरून आपल्या प्रती काढता, भायर पडलो की मातयेचो कण. तो जिवंत न्हय." "आणि आत शिरल्यावर?" असं विचारून तिनं पान परत बांधलं. "देवाच्या माथ्यार रोग कित्याक बांदता गो?" म्हणून मामी दोघांवर ओरडल्या. तेव्हापासून दर चवथीला हाच सोहळा. ती बांधायची, हे सोडायचे, आणि आरतीपर्यंत बापलेकीचं कडाक्याचं भांडण. एवढं सुखाचं भांडण मी दुसऱ्या कुठल्या घरात ऐकलेलं नाही.

ती लिस्बनला गेली. तिथल्या प्रयोगशाळेत तिचं काम विषाणूंचंच, म्हणून भांडण फोनवर चालू राहिलं. यंदा चवथीला येते म्हणाली होती. मामांनी महिनाभर आधीच नवे मुद्दे पाठ करून ठेवले. एका संध्याकाळी तिचा फोन आला, मामांनी हौसेनं विषय काढला आणि थोड्याच वेळात बाहेर पडवीवर आले.

"ती म्हणता, 'बाबा, तुमचाच बरोबर.'"

"म्हणजे जिंकलात की!" मी म्हटलं.

"ती येवची ना."

"येणार नाही असं म्हणाली?"

"ना रे. पण अशी हरना ती कधी. घाईत आसलेलो मनीसच लगेच हार मानता."

त्यांचं खरं ठरलं. चवथीच्या सकाळी मामांनी स्वतः परसात जाऊन भेंडीचं पिवळं पान आणलं आणि माटोळीच्या मधोमध बांधलं. मामी बघत होत्या, पण ओरडल्या नाहीत. मग मामांनी फोटो काढून लेकीला पाठवला. खाली लिहिलं, 'मी मत बदललं. विषाणू जिवंत आहे.' उत्तर लगेच आलं: 'माटोळी मस्त झालीय बाबा. सगळ्यांना नमस्कार.'

मामांनी फोन माझ्यापुढे धरला. "पान दिसलाच ना रे तिका?"

"फोटो लहान दिसतो मामा," मी म्हटलं. अमिबाच मी, दुसरं काय सुचणार?

"स्टूल धर," ते म्हणाले. मी स्टूल धरलं. मामा वर चढले, पानाच्या अगदी जवळ फोन नेला आणि शिरान् शीर दिसेल असा दुसरा फोटो काढून तिला पाठवला. मला मामेबहिणीचा राग आला, आणि तिची फार आठवणही आली. आरतीसाठी झांजा वाजू लागल्या, मामी दोनदा हाक मारून गेल्या, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेले आमचे मामा, आपलं चुकतंय असं कुणीतरी सांगावं म्हणून, फोन हातात धरून स्टुलावरच उभे राहिले.