वॉर्निश मारलेली होडी

सर्व वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमचे घराणे जहाजे बांधणाऱ्यांचे आहे. आम्ही सोलापुरात राहतो.

(या दोन वाक्यांच्या मध्ये समुद्र कुठे गेला, असं विचारू नका. सोलापूरकर फक्त नळाला पाणी कधी येणार एवढंच विचारतो.)

तर अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, पणजोबा कोकण किनाऱ्यावर गोऱ्या साहेबांसाठी जहाजं बांधत. साहेब म्हणे लाकडावर हात फिरवून खूश व्हायचा आणि पणजोबा त्याला सुनवायचे, "हात काढा, रंग ओला आहे!" पुढे लोखंडी आगबोटी आल्या, लाकडी जहाजांचं काम बसलं, आणि पणजोबांचा थोरला मुलगा इथल्या गिरणीत मागांची सुतारकी करायला आला. येताना त्याने बापाच्या हातची एक छोटी होडी आणली. बैलगाडीत घालून, घाट चढवून! समुद्रात फिरलेल्या होड्या पुष्कळ असतील, पण डोंगर चढलेली एकच, आणि ती आमच्या गच्चीवर पत्र्याखाली आहे.

आमच्या घरात पाळणा नाही. बारसं होडीत! अण्णांचं झालं, माझं झालं, माझ्या मुलीचं, मानसीचं झालं. आता मानसी बाळंतपणाला आली होती. अण्णांना पणतू झाला होता, आणि ऐंशी पार केलेला तो माणूस रोज सकाळी गच्चीवर जाऊन होडीला सांगून येत होता, "तयार ऱ्हा, गडी येतोय."

तेवढ्यात कोकणातून बबन आला.

बबन आमचा चुलतभाऊ. पणजोबांचा जो मुलगा कोकणातच राहिला, त्याच्या वंशातला. पर्यटकांसाठी लॉज चालवतो. त्याच्या गाडीच्या टपावर दोरखंड आधीच बांधलेला होता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"दादा, होडी समुद्राची," चहा संपायच्या आत त्याने तोंड उघडलं. "तुमी तिका पापडासारखी गच्चीत वाळत घातलात! मी नेतंय. लॉजच्या दारात ठेवतंय, आत गुलाब लावतंय."

अण्णा ताडकन उठले. (एरवी त्यांना उठवायला दोन माणसं लागतात.)

"पणजोबाच्या होडीत कुंड्या ठिवणार तू?"

"कुंड्या नाय काका. थेट माती."

स्वयंपाकघरात कुकरनेसुद्धा शिट्टी गिळली. मग जो वाद पेटला, तो संध्याकाळपर्यंत विझेना. पणजोबा दोघांचे, त्यामुळे हक्कही दोघांचा. शेवटी बबनने पेच टाकला.

"होडी म्हणजे तरता ती. ही तरता? नायतर ती नुसती पेटी!"

"पेटी?" अण्णा गरजले. "रईवारी हिप्परग्याच्या तलावात घालू! तरली तर हितंच ऱ्हाईल आन् माजा पणतू तिच्यात निजंल. बुडाली तर घिऊन जा आन् लाव गुलाब!"

आतून मानसी ओरडली, "अण्णा, बारसं तोंडावर आलंय!"

"म्हणूनच की!" अण्णा म्हणाले. या उत्तराचा अर्थ अजून कुणाला लागलेला नाही.

होडी तयार करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. माझं फर्निचरचं दुकान आहे. लाकडातलं मला कळतं! तपासली तर फळ्याफळ्यांत फटी. आत बसून शेजारणीच्या दोरीवरचे कपडे मोजता यावेत एवढ्या. मी हसलो. फटी म्हणजे काय, किरकोळ काम! खडूची भुकटी आणि तेल घालून लांबी कालवली, तिने प्रत्येक फट भरली, पॉलिश पेपर घासला, वर वॉर्निशचे हात मारले आणि होडी उन्हात ठेवली. लाकूड ठणठणीत कोरडं हवं, हा आमच्या धंद्यातला पहिला मंत्र. होडी अशी चकाकली की त्यात बघून दाढी करावी.

"अहो," माझी बायको सुनंदा म्हणाली, "पाण्यात जायची वस्तू आहे. आत दोन बादल्या पाणी ओतून बघा की एकदा."

"सुनंदा!" मी कळवळलो. "वॉर्निश जाईल!"

(होडीचं लाकूड पाणी पितं, फुगतं आणि आपल्या फटी आपणच बुजवतं, हे मला पुढे कळलं. शंभर वर्षं तिला थेंब न दाखवणं आणि वर सोलापूरचं ऊन देणं, ही आमच्या घराण्याची सेवा!)

रविवारी सलीमभाईंचा टेम्पो आला. त्यांनी होडीभोवती एक चक्कर मारली.

"ये नाव हाय? मैं समझा सोफा हाय. इत्ता चमकरा!"

"सोफा नाही सलीमभाई, खानदान आहे," मी छाती काढून म्हणालो.

"तो आस्ते उठाव भई, खानदान हाय!"

तलावावर आमच्या गल्लीतली निम्मी माणसं आधीच येऊन बसली होती. हळदकुंकू झालं. नारळ मी दगडावर फोडला, होडीवर नाही. (कोपरा उडाला असता!) सहा जणांनी उचलून होडी पाण्यात सोडली. सगळ्यांनी श्वास धरला.

होडी तरंगली!

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण बबन कसला ऐकतोय!

"रिकामी तर घागरपण तरंगता. माणसं बसूंदेत."

"बसू की!" म्हणत अण्णा आधी चढले. त्यांच्यामागे मी. लबाडी नको म्हणून बबनही चढला. मी सागवानी वल्ही केली होती, ती मारत आम्ही निघालो. काठ लांब गेला. सुनंदा मोबाइलवर सगळं टिपत होती. मी तिला हात केला, आणि त्याच क्षणी माझ्या पायाशी आवाज आला.

टप्.

लांबीचा एक लाडू पाण्यावर तरंगत होता. होडीच्या आतल्या पाण्यावर!

मी त्यावर हळूच पाय ठेवला. टप्. दुसरा. मी दुसरा पाय ठेवला. तिसऱ्यासाठी माझ्याकडे पाय नव्हता.

"दादा," बबन सावकाश म्हणाला, "माझी चड्डी भिजली."

"तुषार उडाला असेल."

"खालसून?"

मग टप् टप् टप् अशी रांगच लागली. प्रत्येक फटीतून कारंजं! पाणी घोट्यावर आलं, पोटऱ्यांवर आलं, मांडीवर आलं. मी ओंजळीने पाणी उपसत होतो, बबन चपलेने.

"पोहायला येतं ना रे तुला?" मी विचारलं. "कोकणातला तू!"

"लॉज चालवतंय मी, दादा! माका खयचा पोहूक येता! तुमका?"

मी काठाकडे बघून बोंब मारली.

काठावरचे मासेवाले टायरच्या ट्यूब घेऊन निघाले, पण ते लांब होते. अण्णा मात्र थंड. त्यांनी टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली, धोतर खोचलं, "वजन कमी करतो," म्हणाले आणि सरळ पाण्यात उतरले! वैरागला मामाच्या विहिरीत पोहणं शिकलेला तो म्हातारा बदकासारखा काठाला लागला. मागे राहिलो आम्ही दोन वारस. पाणी छातीवर आलं, गळ्यावर आलं, आणि तिथे थांबलं.

चमत्कार! होडी पाण्याने भरली होती, पण खाली जात नव्हती. लाकूडच ते! आम्ही तिच्यात मांडी घालून बसलो होतो आणि काठावरून फक्त दोन मुंडकी आणि एक टोपी दिसत होती.

"बुडाली!" बबनचं मुंडकं ओरडलं. "काका, बुडाली! होडी माझी!"

"गप ऱ्हा!" काठावरून अण्णांचा आवाज आला. धोतर निथळत होतं, पण न्यायनिवाडा चालू होता. "बुडाली का न्हाय ते माजा लेक सांगंल! बाळा, खरं सांग. तुज्या बुडाखाली होडी हाय का न्हाय?"

सुनंदाने मोबाइल उंच धरला. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. 'हाय!' तेवढं म्हणालो असतो तर होडी आमची, बारसं होडीत, पणजोबा धन्य. आणि ते खरंही होतं! होडी होती, मी तिच्यावर बसलो होतो, ती मला उचलून धरत होती. मी छातीत हवा भरली. तोंड उघडलं.

आणि पाण्याखाली काहीतरी गुळगुळीत माझ्या पोटरीला घासून गेलं.

"अण्णा, होडी बबन्याला देऊन टाका! बारशाला मी दुकानातला पाळणा आणतो!"