काकींची चटई आणि माझं फोमचं आसन

मंडळी, आजच्या ट्रेकवरून आत्ताच घरी आलोय. लाज वाटतेय, म्हणून लिहितोय.

माझ्या बॅगेला कायम फोमचं घडीचं आसन अडकवलेलं असतं. ओल्या कातळावर बसायला, स्टोव्हला वाऱ्यापासून आडोसा करायला, झोपताना उशाला, कशालाही चालतं. आजही वाटभर मित्रांना त्याचं कौतुक ऐकवत होतो.

दुपारी लांज्याजवळच्या एका वाडीत आम्ही पाणी मागितलं. घरातल्या काकींनी पडवीत चटई अंथरली. मित्र बसले. मला चटई मळकी वाटली, म्हणून मी तिच्यावर माझं आसन टाकून बसलो.

पाण्याचा तांब्या ठेवताना काकींनी ते पाहिलं. हळूच म्हणाल्या, "चटई कालच धुतलीय हो."

"तसं नाही काकी, माझी पँट चिखलाची आहे," मी चक्क खोटं बोललो.

"चिखलाचं काय एवढं? आमी रोज चिखलातच असतो. बसा."

मी गुपचूप आसन काढून चटईवर बसलो. मग काकींनी कोकमाचं सरबत आणलं आणि पहिला पेला माझ्याच हातात दिला. मला मान वर करवेना.

तिथेच खरं सांगून माफी मागायला हवी होती का? की ते ऐकून त्यांना जास्तच लागलं असतं? तुम्ही काय केलं असतं?