पंधरा वर्षं टिकणारा बल्ब

विजेचं आमच्या घरात फक्त मलाच कळतं. मी कंपनीत मेंटेनन्सला आहे, त्यामुळं आमच्या निमोणे गावात कुणाचाही बल्ब उडाला की पहिली हाक मला येते (वायरमनला नंतर).

त्या थंडीत आईनं मोठ्या हौसेनं गावरान कोंबडीची चाळीस पिल्लं आणली, एका दिवसाची. खोक्यात ठेवून वर शंभर वॅटचा पिवळा बल्ब टांगला. मला ते बघवेना. मी तो काढून उकिरड्यावर भिरकावून फोडला आणि नऊ वॅटचा एलईडी लावला. पंधरा वर्षं आता वर बघायचं काम नाही, असं छाती काढून सांगितलंही.

तासाभरात पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून ओरडायला लागली. आई म्हणाली, "आरं, ऊब कुठं हाय ह्याला?"

"तीच तर गंमत हाय. जुन्यात तार तापायची, तवा उजेड पडायचा. बरीचशी वीज तापण्यातच जायची. ह्यात बारकी चिप हाय, ती सरळ उजेडच देती."

"मग पिल्लांनी काय पेपर वाचत बसायचं व्हय?"

माघार घेणं माझ्या रक्तात नाही! एलईडीची जी थोडी ऊब असते ती मानेपाशी निघते. ती वाया जाऊ नये म्हणून मी मानेला गोणपाट गुंडाळलं. ती ऊब बाहेर पडली तरच बल्ब टिकतो, हेही मला पाठ होतं (त्या वेळी आठवलं नाही, एवढंच). पंधरा वर्षांचा बल्ब दिवेलागणीला लुकलुकला आणि गेला.

पिल्लं मलूल पडायला लागली. आईचा चेहरा बघून मी दुकानात पळालो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "पिवळा न्हाई ठेवत आता. तुम्हीच म्हणला व्हता ना, असलं भंगार इकू नका म्हणून?"

घरी आलो तर आईनं मला आडवं पाडलं, चाळीसच्या चाळीस पिल्लं पोटाछातीवर सोडली आणि वरून वाकळ टाकली.

"तू तरी गरम हायेस. हलू नको."

सकाळी वडील शिरूरहून बल्ब घेऊन येईपर्यंत मी हललो नाही. एकही पिल्लू दगावलं नाही, हे मी आजही अभिमानानं सांगतो.

आता कामाला निघालो की त्या चाळीस कोंबड्या वेशीपर्यंत माझ्यामागं येतात. गावात कुणाचा बल्ब उडाला की अजूनही पहिली हाक मलाच येते, फक्त 'कोंबड्यांची आई' अशी. मी ओ देतो.