एकमताने मंजूर

आमच्या इमारतीत झाडून सगळे तिला वहिनी म्हणतात. वास्तविक तिचा सख्खा दीर मी एकटा. मी समोरच्या दारात राहतो, जिन्यातून हाका मारतो, आणि त्या ऐकून ऐकून पहिल्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर, पाचव्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई, दूध टाकणारा, लिफ्टचा मेकॅनिक, सगळे फुकटात दीर आणि नणंदा होऊन बसले. त्याबद्दल मला कुणी विचारलं नाही. पण या इमारतीत मला काही विचारायची पद्धतच नाही. जे काय विचारायचं ते वहिनीला.

वहिनी म्हणजे सोसायटीची सेक्रेटरी. बिनपगारी. त्याआधी ती एका मोठ्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीत बसायची. घाबरलेली, चिडलेली, रडवेली माणसं यायची आणि वहिनी कुठल्या मजल्यावर जायचं एवढंच सांगून त्यांना शांत करायची. निवृत्त झाली आणि आठवडाभरात तिने घरातली सगळी कपाटं लावून टाकली. मग दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, टेबल आवरायला घेतलं. दादा मितभाषी माणूस. दिवसभर शब्दकोडी सोडवतो आणि स्वतःचे शब्द जपून वापरतो. पण टेबलावर गदा आल्यावर त्याने सोसायटीच्या सभेत उठून तिचं नाव सुचवलं. जीव वाचवायचा होता त्याला.

तेव्हापासून इमारत तिची. पंप सुरू झाला की वहिनी स्वयंपाकघरात मान वाकडी करून ऐकणार आणि म्हणणार, "हवा धरलीय मेल्याने." तिसऱ्या मजल्याच्या बाथरूमचं पाणी दुसऱ्या मजल्याच्या छतातून टपकलं की ती दोन्ही घरं आधी एकमेकांशी भांडायची आणि मग हिच्याकडे यायची. ही दोघांना आपल्या सोफ्यावर शेजारी शेजारी बसवायची. मुद्दाम. सोफा लहान आहे, आणि मांडीला मांडी लावून माणसाला फार वेळ भांडता येत नाही. भाजी आणायला गेली की परतताना फाटकापासून जिन्यापर्यंत तिला इतकी माणसं अडवायची की दादा खिडकीतून बघून मला सांगायचा, "आली. पण पोचायला वेळ आहे."

आणि एवढं सगळं करून तोंडाने सतत तक्रार. "भावजी, वीट आलाय मला. कुणीतरी हे लोढणं काढा हो माझ्या गळ्यातलं." दर वर्षी सभेच्या शेवटी ती उभी राहून म्हणायची, "यंदा माझं नाव नको." मग सगळे म्हणायचे, "असं कसं वहिनी, तुमच्याशिवाय कोण?" मग ती कपाळाला हात लावून सुस्कारा सोडायची आणि पुढचं वर्ष सुरू व्हायचं. हे इतकं ठरलेलं, की तिने सुस्कारा सोडला म्हणजे सभा संपली असं समजून लोक चहाकडे वळायचे.

आमची सभा कशी चालायची तेही सांगतो, नाहीतर पुढचं खरं वाटायचं नाही. तळमजल्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या. अध्यक्ष दाताचे डॉक्टर, कारण अध्यक्षाला काही करावं लागत नाही. विषय वाचणार वहिनी, दवाखान्यातल्या त्या एकसुरी आवाजात. तिचा आवाज थांबला की पहिल्या रांगेत डोळे मिटून बसलेला दादा म्हणणार, "मंजूर." मी म्हणणार, "अनुमोदन." मग सगळे, "मंजूर." ऐकलेलं कुणी नसायचं. वहिनीने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, मग कान कशाला शिणवा? मी तर त्या वेळात मनातल्या मनात माझ्या चष्म्याच्या दुकानाची कामं उरकायचो.

गेल्या वर्षी सभेच्या तोंडावर लिफ्ट बंद पडली. इमारतीच्या फोनवरच्या ग्रुपवर एका नव्या भाडेकरूने लिहिलं, 'सेक्रेटरी झोपा काढतात काय?' वहिनी त्या वेळी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत मेकॅनिकसाठी बॅटरी धरून उभी होती. खाली आली, कपाळाला ग्रीस लागलेलं, फोन वाचला आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "आता बघतेच," म्हणाली. आणि सभेच्या नोटिशीत तिने स्वतःच्या हाताने सातवा विषय घातला, पाण्याची टाकी धुण्याच्या खाली आणि चहाच्या वर. सेक्रेटरीचा राजीनामा स्वीकारणे. नोटीस फळ्यावर लागली. कुणी वाचली नाही, कारण फळ्याकडे आमच्यात फक्त किल्ली हरवलेला माणूस बघतो.

तिची कल्पना अशी, की हा विषय वाचला की सभा हादरेल. लोक उठून उभे राहतील, तो भाडेकरू माफी मागेल, आणि मग ती नेहमीपेक्षा मोठा सुस्कारा सोडून कामाला लागेल. हे तिने मला नंतर सांगितलं. तेव्हा मी आपला गाफील बसलो होतो.

"टाकी धुऊन घेणे."

"मंजूर." "अनुमोदन." "मंजूर."

"सेक्रेटरीचा राजीनामा स्वीकारणे."

आवाज थांबला. दादा म्हणाला, "मंजूर." माझ्या तोंडून आपसूक गेलं, "अनुमोदन." आणि सगळी सभा, गाण्याच्या बाई तर चक्क सुरात, "मंजूर." तेवढ्यात चहा आला.

मी वहिनीकडे पाहिलं ते तेव्हा. कुणी भर रस्त्यात थोबाडीत मारावी तसा तिचा चेहरा झाला होता. पण बाई कामाला चोख. खाली बसली, पेन उघडलं, आणि सभेच्या वहीत आपल्या सुबक अक्षरात लिहिलं, एकमताने मंजूर. मग किल्ल्यांचा जुडगा डॉक्टरांच्या बशीशेजारी ठेवून जिन्याने वर निघून गेली. डॉक्टरांना वाटलं, कुणाच्या तरी हरवलेल्या किल्ल्या सापडल्या. त्यांनी त्या फळ्यावर अडकवल्या.

दुसऱ्या दिवशी गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली तेव्हा इमारत जागी झाली. वहिनी फोनवर सगळ्यांना एकच सांगत होती, "मी सेक्रेटरी नाही. तुम्हीच मंजूर केलंत." लोक खाली धावले, फळा वाचला, वही वाचली, आणि आधी ओशाळले. मग त्यांनी आपापली समजूत घालून घेतली. बरोबरच आहे, इतकी वर्षं बिचारी वीट आलाय म्हणत होती. शेवटी स्वतःच सुटका करून घेतली.

दादाशी तिने अबोला धरला. माझ्याशी बोलायची, पण दादाला निरोप द्यायला, आणि तोही दादा समोर बसलेला असताना. "भावजी, तुमच्या भावाला सांगा जेवण वाढलंय." मी सांगायचो. दादा यायचा, जेवायचा, आणि माझ्याकडे बघून म्हणायचा, "चांगलं झालंय म्हणावं."

मला वाटलं, आठ दिवसांत इमारत नाक घासत हिच्या दारात येईल. नाही आली. तिथंच तर सगळं बिनसलं. गाण्याच्या बाई पंप शिकल्या. कान तयार असल्यामुळे पंपाने हवा धरलेली त्यांना वहिनीपेक्षाही आधी कळायला लागली. गळतीवाली दोन घरं भांडत डॉक्टरांकडे गेली, तर त्यांनी एकेकाला तपासायच्या खुर्चीत बसवलं. तोंडात आरसा असलेल्या माणसाला फक्त समोरच्याचं ऐकता येतं. भांडण मिटलं, वर एकाची दाढही भरून झाली. इमारत धडपडत का होईना, चालत होती.

आणि वहिनी घरात होती. पंप सुरू झाला की मान वाकडी करायची, मग आठवायचं आणि सरळ करायची. कपाटं परत लावून झाली. फ्रिजवर नोटीस लागली की ओले टॉवेल खुर्चीवर टाकू नयेत, आदेशावरून. दादा ती निमूटपणे पाळायचा. ग्रुपवर ती काही लिहीत नव्हती आणि दूधवाला दिसला तर दार पटकन लावून घ्यायची. भाजी आणायला गेली की सरळ घरी यायची, कारण आता तिला कुणी अडवत नव्हतं. दादाने एकदा खिडकीतून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "आलीसुद्धा." मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

शेवटी मी विचारलं, "वहिनी, खरं सांग, तुला परत व्हायचंय ना सेक्रेटरी?"

"मला? मी कशाला होऊ? सुटले एकदाची," म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी. "चाललंय की त्यांचं छान. कुणी एकाने तरी म्हणायचं होतं भावजी, राहा म्हणून. एरवी दर वर्षी म्हणायचे."

"मग मी बोलतो सगळ्यांशी."

"तुम्ही तोंड उघडलंत तर या घरात पाऊल टाकू नका. तुमच्या तोंडाने एकदा उपकार केलेत तेवढे पुरे."

मी गुपचूप पाचव्या मजल्यावर गेलो. तिथलं निराळंच. गाण्याच्या बाई म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, वहिनींना मुळीच त्रास द्यायचा नाही. परवा जिन्यात माझ्या ओठांवर आलं होतं, वहिनी, परत या ना. पण गिळलं. किती दमल्या होत्या हो त्या. आता निवडणूक आहे ना, मीच उभी राहते. मला शिकवण्या आहेत, जमायचं नाही, पण त्यांच्यासाठी करेन."

मी कपाळ बडवून घेतलं. ही माणसं मायेपोटी गप्प, ती मानापोटी गप्प, आणि मला बोलायची बंदी.

नव्या सेक्रेटरीच्या निवडीची सभा भरली. वहिनी आली, पण मागच्या रांगेत बसली, पाहुण्यासारखी. डॉक्टर विषय वाचायला लागले आणि सगळे कान टवकारून ऐकायला लागले. मागच्या फजितीनंतर 'मंजूर' हा शब्द कुणी तोंडातून काढायला धजत नव्हतं. जिन्यातला दिवा बदलणे या विषयावर तिघांनी शंका विचारल्या. दादा डोळे उघडे ठेवून बसला होता आणि त्याची त्याला सवय नसल्यामुळे डोळ्यांतून पाणी येत होतं.

"सेक्रेटरीपदासाठी गाण्याच्या बाईंचं नाव आलंय," डॉक्टर म्हणाले. "आणखी कुणी?"

मी जीभ चावून बसलो. बाई जमिनीकडे बघत होत्या. डॉक्टरांनी कागदाची घडी घातली.

"मी," मागून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. वहिनी उभी होती. नाकाचा शेंडा लाल, पण आवाज तो चौकशीच्या खिडकीतला नव्हता.

"मला हवंय ते काम," ती म्हणाली. "वीट आलाय म्हणायची ना मी, ते खोटं होतं. तुम्ही राहा म्हणावं म्हणून म्हणायची. मला आवडतं ते. पंप, गळती, तुमची भांडणं, सगळं आवडतं. बाई चांगलं करताहेत, माझ्यापेक्षा कानाने तयार आहेत, त्यांना निवडलंत तरी मी रागवणार नाही. रागवेन थोडी. पण मला घरात बसवत नाही. आणि तुम्ही अडवलं नाहीत की भाजी घेऊन मी सरळ घरी पोचते, ते मला सोसत नाही."

सभेत चिडीचूप. गाण्याच्या बाईंच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की बघत राहावं, पण शब्द त्यांनाही फुटेना. मला ठाऊक आहे प्रत्येकाच्या जिभेवर कुठला शब्द होता. त्या एका शब्दाने मागच्या वेळी घात केला होता, आणि आता तो कुणाला उच्चारवत नव्हता. वहिनीला ते कसं कळावं? तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरत गेला. ती हळूहळू खाली बसायला लागली.

तेव्हा दादा उठला. खुर्चीला धरून पूर्ण उभा राहिला आणि मागे वळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो थेट तिच्याशी बोलला.

"या वेळी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलंय," म्हणाला. "मंजूर."

वहिनीने पदराने नाक पुसलं. मग तिची नजर माझ्याकडे वळली.

"भावजी, झोपलात काय? अनुमोदन कोण देणार?"